रेट्रो स्नीकर्स घेताय? आधी पायाला विचारा

पाय दुखतो म्हणून दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला मी दोन गोष्टी दाखवायला सांगतो: पाय आणि रोजचे बूट. गेल्या काही वर्षांत दुसऱ्या सूचनेनंतर समोर येतो तो बऱ्याचदा पांढरा, सपाट तळाचा, जुन्या धाटणीचा स्नीकर. कधी तो कॉलेजातल्या मुलीचा असतो, कधी दुकानात दिवसभर उभे राहणाऱ्या तरुणाचा. आता तो साठीच्या गृहस्थांच्या पायातही दिसतो, कारण मुलाने किंवा सुनेने वाढदिवसाला दिलेला असतो.

हे बूट वाईट आहेत असे अजिबात नाही. ते देखणे असतात, जीन्सवर शोभतात, कुर्त्यावरही चालून जातात. पण पाच-दहा हजार रुपये खर्च करण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारायला हवेत. हा बूट मी रोज किती तास आणि कशा जमिनीवर घालणार आहे? आणि माझ्या पायाला दाबलेले, टोचलेले नीट कळते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर पाय दुखतो. दुसऱ्याचे चुकले तर पायाला जखम होते आणि ती झाल्याचे कळतही नाही.

रेट्रो स्नीकर म्हणजे नेमके काय?

आज ज्यांना आपण ‘क्लासिक’ म्हणतो ते बहुतेक बूट मुळात खेळाचे बूट होते. कॉनव्हर्सचा ऑल स्टार १९१७ मध्ये बास्केटबॉलसाठी आला. आदिदासचा सांबा १९५०च्या सुमारास, गोठलेल्या मैदानावर फुटबॉलपटूंचे पाय घसरू नयेत म्हणून तयार झाला. ओनित्सुका टायगरचा मेक्सिको ६६ हा १९६६चा. आदिदासचा सुपरस्टार १९६९ मध्ये बास्केटबॉलसाठी बाजारात आला, तर स्टॅन स्मिथ हा टेनिसचा बूट. व्हॅन्सचा ओल्ड स्कूल १९७७चा, स्केटबोर्डवर पाय घट्ट राहावा म्हणून सपाट तळाचा. नायकेचा एअर फोर्स १ हा १९८२चा, पुन्हा बास्केटबॉलचाच.

म्हणजे हे बूट त्या त्या काळी तरुण, सडपातळ खेळाडूंसाठी, लाकडी कोर्टवर किंवा मैदानावर तास-दोन तास खेळण्यासाठी बनवले गेले. आपण तेच बूट घालून ऑफिसच्या फरशीवर, रेल्वेच्या पुलावर आणि मॉलमध्ये आठ-दहा तास काढतो. बुटाने काम बदलले, पण त्याची घडण फारशी बदललेली नाही.

आणखी एक फरक तळाचा आहे. जुन्या बुटांचा तळ बहुतेक वेळा रबराचा असायचा. ईव्हीए नावाचा हलका, दाबला जाऊन परत फुगणारा फोम बुटांच्या तळात १९७०च्या दशकात येऊ लागला. आजचे चालण्या-पळण्याचे बूट मुख्यतः अशाच फोमवर उभे असतात. रेट्रो बुटाचे रूप जुने ठेवायचे म्हटल्यावर तळही बराचसा तसाच ठेवावा लागतो. काही नव्या आवृत्त्यांमध्ये आतला सोल मऊ केलेला असतो. पण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जोड्या आतून वेगळ्या असू शकतात, म्हणून नावावर न जाता बूट पायात घालूनच पाहावा.

पायाला बुटाकडून काय हवे असते?

एका पायात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. टाचेखाली चरबीची जाड गादी असते. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक मजबूत पट्टा ताणलेला असतो, त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. चालताना टाच टेकते, कमान थोडी खाली बसते, मग चवड्यावर भार येतो आणि शेवटी अंगठ्याने जमीन मागे ढकलून आपण पुढे जातो. चालताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाएवढा किंवा त्याहून थोडा जास्त भार पायावर येतो. पळताना तो दुप्पट-तिप्पट होतो.

या सगळ्यासाठी पायाला चार गोष्टी लागतात.

- बोटांना पसरायला जागा. भार आला की चवडा रुंद होतो.
- बूट चवड्यापाशी वाकायला हवा, कारण पाय तिथेच वाकतो.
- टाच मागून घट्ट धरलेली हवी. ती वर-खाली सरकता कामा नये.
- कडक जमिनीवर बराच वेळ राहायचे असेल तर तळाला थोडा मऊपणा.

बूट आरामदायी आहे की नाही हे या चार गोष्टींवर ठरते. किंमत, ब्रँड किंवा खोक्यावरचे ‘कम्फर्ट’ हे लेबल यांचा त्याच्याशी थेट संबंध नाही.

कोणत्या बुटाने कोणता त्रास होऊ शकतो?

पातळ, सपाट तळ: कडक फरशीवर दिवसभर उभे राहणाऱ्यांना टाच आणि चवडा दुखण्याची तक्रार यामुळे वाढते. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावले टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखी कळ येत असेल आणि थोडे चालल्यावर ती कमी होत असेल, तर तो बहुधा प्लांटार फॅशियाचा त्रास असतो. तो केवळ बुटामुळे होतो असे नाही. वाढलेले वजन, ताठर पोटऱ्या आणि उभ्याने करायचे काम हीही कारणे असतात. पण आधीच दुखणाऱ्या टाचेखाली पातळ तळ आला तर दुखणे लांबते.

पुढून निमुळता बूट: बोटे एकमेकांवर दाबली जातात. करंगळीवर कुरूप होते, अंगठ्याचे नख मांसात रुतते, अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे आले असेल तर ते लाल होऊन ठणकते. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये जळजळ किंवा मुंग्या येणे हेही नस दाबली जात असल्याचे लक्षण असू शकते.

जाड, जड, न वाकणारा बूट: हा दुकानात मऊ वाटतो, पण चवड्यापाशी वाकत नाही. मग प्रत्येक पावलाला टाच बुटातून बाहेर निघू पाहते आणि पोटरीवर जास्त काम पडते. संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात.

मागचा कडक काठ: टाचेमागच्या जाड अकिलीस टेंडनवर तो घासतो. यालाच आपण ‘बूट चावला’ म्हणतो. आधी लाली, मग फोड, मग जखम.

उलट बाजूही सांगायला हवी. सपाट तळ सगळ्यांना त्रास देतो असे नाही. निरोगी पायाच्या, कमी वजनाच्या, थोडा वेळ फिरणाऱ्या माणसाला सपाट कॅनव्हासचा बूट उत्तम चालतो. आपल्यापैकी अनेकांनी शाळेची सगळी वर्षे पांढऱ्या कॅनव्हासच्या पीटीच्या बुटांत काढली आहेत. जिममध्ये वजन उचलताना तर सपाट, न दबणारा तळ स्थिर वाटतो. आणि खूप मऊ, खूप जाड तळ हा नेहमीच चांगला असतो असेही नाही. तोल जाणाऱ्या वयस्कर माणसाला अशा तळावर जमिनीचा अंदाज कमी येतो.

‘वापरून सैल होईल’ हे किती खरे?

दुकानदार हे वाक्य हमखास म्हणतो. त्यात थोडे तथ्य आहे, पण थोडेच.

खरे चामडे आणि स्वेड काही दिवसांत पायाच्या आकाराप्रमाणे जरासे रुंद होते. कॅनव्हास मऊ पडतो, पण फारसा ताणत नाही. कृत्रिम चामडे जेमतेम सैल होते. पुढे रबराची टोपी किंवा शिंपल्यासारखे रबरी टोक असेल तर तो भाग कधीच सैल होत नाही. आणि कोणताही बूट लांबीला वाढत नाही. अंगठा पुढे टेकत असेल तर तो सहा महिन्यांनीही टेकणारच.

नव्या चामड्याचा कडकपणा आठ-दहा दिवस सहन करणे ठीक आहे. पण बोटे दाबली जात असतील, बधिर होत असतील किंवा पहिल्या पाच मिनिटांतच एखादी जागा दुखत असेल, तर तो बूट तुमचा नाही. तो कितीही सुंदर दिसला आणि त्यावर कितीही सूट मिळत असली तरी.

माप कसे घ्यावे?

‘मला आठ नंबर लागतो’ हे वाक्य फार भरवशाचे नाही. ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक सुमारे ८.५ मिलिमीटर असतो, युरोपीय मापात सुमारे ६.७ मिलिमीटर. पुरुषांच्या बुटांत ब्रिटिश आणि अमेरिकी आकड्यांत बहुधा अर्ध्या ते एका नंबराचा फरक पडतो. ऑनलाइन बूट मागवताना घोळ होतो तो इथेच.

रुंदीचा प्रश्न त्याहून मोठा आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या १ लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मोजमापे घेतली. भारतीयांचे पाय युरोपीय आणि अमेरिकी लोकांच्या पायांपेक्षा साधारणपणे रुंद असल्याचे त्यात दिसले. त्या आधारावर ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. म्हणून परदेशी साच्यावर बेतलेला निमुळता बूट आपल्याला लांबीला बरोबर आणि रुंदीला घट्ट होतो, यात आपल्या पायाचा दोष नाही. अशा वेळी बरेच जण एक नंबर मोठा बूट घेतात. मग रुंदी कशीबशी जमते, पण टाच सैल राहते आणि घासते. शक्य असेल तर त्याच मापात ‘वाइड’ पर्याय मिळतो का ते विचारा. काही ब्रँड एकाच बुटाच्या दोन-तीन रुंदी ठेवतात. नसेल तर दुसरे मॉडेल पाहा.

घरी माप असे घ्या. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. जमिनीवर कागद ठेवून टाच भिंतीला लावून उभे राहा. बसून माप घेऊ नका. सर्वांत पुढे येणाऱ्या बोटापाशी खूण करा. ते बोट अंगठाच असेल असे नाही, काहींचे दुसरे बोट लांब असते. मग चवड्याच्या सर्वांत रुंद भागाच्या दोन्ही बाजूंना खुणा करा. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचे माप धरा. खोक्यावर सेंटिमीटरमध्ये आकडा असेल तर त्याच्याशी हे ताडून पाहा, पण अंतिम निर्णय बूट घालूनच घ्या.

आणि वीस वर्षांपूर्वीचा नंबर आजही तोच असेल असे धरू नका. वय, वजन आणि गरोदरपण यांमुळे पाय रुंद आणि लांब होऊ शकतो.

दुकानातली दहा मिनिटे

दुकानात आरशासमोर उभे राहण्याआधी एवढे करून पाहा.

- जे मोजे रोज घालणार तेच घालून जा.
- बूट हातात घेऊन पुढून-मागून दाबा. तो चवड्यापाशी वाकायला हवा. मधोमध कमानीपाशी दुमडत असेल तर तळ फारच लेचापेचा आहे. अजिबात वाकत नसेल तर फार कडक आहे.
- टाचेची मागची बाजू बोटांनी दाबा. ती सहज चेपली जाऊ नये.
- आतला सोल सुटा असेल तर बाहेर काढून त्यावर उभे राहा. बोटे सोलच्या कडेबाहेर जात असतील तर बूट अरुंद आहे. दुकानात मला सर्वांत उपयोगी वाटणारी चाचणी हीच.
- दोन्ही बूट घालून, नाड्या नीट बांधून उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे साधारण १ सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या बोटाच्या रुंदीएवढी जागा हवी.
- गालिच्यावर चालू नका. कडक फरशीवर पाच मिनिटे चाला, जिन्याच्या दोन-चार पायऱ्या चढा-उतरा. उतरताना अंगठा पुढे आदळतो का, चढताना टाच निघते का, पाहा.

ऑनलाइन घेतलात तर हेच सगळे घरातल्या स्वच्छ फरशीवर करा आणि बूट परत करण्याची मुदत संपण्याआधी करा.

दिसणे आणि आराम यांचा हिशेब तासांत करा

माझे साधे सूत्र असे आहे. लग्न, सिनेमा, मित्रांबरोबर जेवण, म्हणजे दोन-तीन तास आणि त्यातही बरेचसे बसणे. तिथे दिसण्याला झुकते माप द्यायला हरकत नाही. पाय निरोगी असेल आणि माप बरोबर असेल तर सपाट रेट्रो स्नीकर खुशाल घाला.

रोजचे ऑफिस, लोकलचा प्रवास, कॉलेज, म्हणजे सहा ते दहा तास. इथे रेट्रो दिसणारा पण आत फोमचा तळ असलेला, पुढे रुंद आणि फार जड नसलेला बूट निवडा. जुन्या काळच्या पळण्याच्या बुटांवर बेतलेली मॉडेल्स या कामाला बास्केटबॉल किंवा स्केटबोर्डच्या मॉडेल्सपेक्षा बऱ्याचदा सोयीची पडतात.

उभ्याने काम करणारे, म्हणजे दुकानातले सेल्समन, शिक्षिका, नर्स, सुरक्षारक्षक यांनी कामासाठी आराम आधी पाहावा. स्नीकर हौसेसाठी वेगळा ठेवावा. पळण्यासाठी, ट्रेकसाठी किंवा जिममध्ये उड्या मारण्यासाठी जुना क्लासिक बूट वापरू नका. तो एकेकाळी खेळाचाच बूट होता, हे त्यासाठी कारण पुरेसे नाही.

शक्य असेल तर दोन जोड आलटून-पालटून वापरा. घामाने ओला झालेला बूट एका रात्रीत पूर्ण वाळत नाही.

मधुमेह असेल तर नियम वेगळे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासानुसार २०२१ मध्ये भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह होता. म्हणजे वडिलांना, सासूबाईंना, काकांना बूट भेट देणाऱ्या बऱ्याच घरांना हा भाग लागू आहे.

मधुमेह बरीच वर्षे असला, विशेषतः साखर नियंत्रणात नसली, तर पायाच्या नसा हळूहळू संवेदना गमावतात. सुरुवातीला मुंग्या, जळजळ. पुढे पाय ‘शांत’ होतो. रुग्णाला वाटते त्रास कमी झाला. खरे तर पायाने तक्रार करणे थांबवलेले असते.

वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या ‘घालून पाहा, दुखते का बघा’ यावर उभ्या आहेत. बधिर पायाच्या बाबतीत त्याच निरुपयोगी ठरतात. उलट, अशा रुग्णांना सैलसर, योग्य मापाचा बूट पायात आहे की नाही हेच जाणवत नाही. म्हणून ते नकळत एक माप लहान, घट्ट बूट निवडतात, कारण तेवढा दाब आल्यावरच त्यांना ‘नीट बसला’ असे वाटते. मग तो बूट दिवसभर करंगळीला घासतो. दुखत नाही. संध्याकाळी मोज्यावर डाग दिसतो तेव्हा घरच्यांच्या लक्षात येते. रक्तपुरवठाही कमी असेल तर अशी छोटी जखम महिनोन्महिने भरत नाही. त्यात जंतुसंसर्ग झाला तर बोट, कधी पाय गमावण्याची वेळ येते.

घरच्यांना करता येईल अशी एक सोपी तपासणी आहे. रुग्णाला डोळे मिटून पडायला सांगा. आपल्या तर्जनीने त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबू नका, घासू नका. दोन्ही पायांची मिळून सहा बोटे होतात. प्रत्येक स्पर्शाला ‘उजवा’ की ‘डावा’ ते त्याने सांगायचे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणचा स्पर्श कळला नाही तर संवेदना कमी झाली आहे असे समजा आणि डॉक्टरांना दाखवा. सहाही ठिकाणी कळले तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यायचेच.

संवेदना कमी झालेली असेल तर:

- बूट ‘कसा वाटतो’ यावर निवडू नका. माप घेऊन निवडा. आतली लांबी पायापेक्षा १ ते २ सेंटिमीटर जास्त आणि रुंदी चवड्याच्या सर्वांत रुंद भागाएवढी हवी. बोटांच्या वरही जागा हवी.
- आत शिवण, कडक कड किंवा घडी नको. घालण्यापूर्वी रोज आत हात फिरवा आणि बूट झटका. खडा किंवा वाळलेली काडी आत राहिली तरी पायाला ती कळणार नाही.
- मोज्याशिवाय बूट नको. मोजे फिकट रंगाचे असावेत, डाग लगेच दिसतो.
- नवा बूट पहिल्या दिवशी घरातच तासभर घाला. काढून पाय पाहा. अर्ध्या तासानंतरही लाली राहिली तर तो बूट वापरू नका. ठीक असेल तर वेळ रोज थोडा थोडा वाढवा.
- रोज रात्री तळवे आणि बोटांमधली जागा पाहा. वाकता येत नसेल तर आरसा वापरा किंवा घरच्यांना सांगा.
- आधी कधी पायाला जखम झाली असेल, किंवा बोटे वाकडी झाली असतील, तर बाजारातला कोणताही स्नीकर स्वतःहून घेऊ नका. अशा पायांसाठी एमसीआर म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या सोलची पादत्राणे किंवा मापाने बनवलेले बूट लागतात. ते कुठे मिळतील हे तुमचे डॉक्टर सांगतील.

आई-वडिलांना स्नीकर भेट द्यायचाच असेल तर खोके पाठवण्याऐवजी त्यांना संध्याकाळी दुकानात घेऊन जा. परदेशात राहणाऱ्यांनी निदान पायाचा कागदावर काढलेला आराखडा आणि सेंटिमीटरमधले माप मागवावे. ‘बाबांना नऊ नंबर लागतो’ एवढ्यावर बूट घेऊ नये. आणि बाबांनीही मुलाला वाईट वाटेल म्हणून चावणारा बूट घालत राहू नये.

आपल्याकडच्या काही खास गोष्टी

आपण घराबाहेर, देवळाबाहेर, काही दवाखान्यांबाहेरही पादत्राणे काढतो. नाडीचा बूट दिवसातून पाच वेळा सोडणे कोणालाच जमत नाही. मग नाड्या कायमच्या सैल बांधल्या जातात किंवा टाच दुमडून बूट चपलेसारखा घातला जातो. दोन्ही सवयी वाईट. सैल बुटात पाय पुढे सरकतो, बोटे बूट धरून ठेवायला आकसतात आणि टाचेचा आधार मोडतो. अशांनी इलॅस्टिकच्या नाड्या लावाव्यात किंवा बुटाचा चमचा जवळ ठेवावा.

टाच दुखणाऱ्यांनी घरात फरशीवर अनवाणी फिरणे टाळावे. बाहेर महागडा बूट आणि घरात दिवसभर थंड फरशी, अशाने टाच बरी होत नाही. घरापुरती वेगळी मऊ चप्पल ठेवा.

पावसाळ्यात कॅनव्हास आणि स्वेडचे बूट भिजले की लवकर वाळत नाहीत. ओल्या बुटात बोटांमध्ये चिखल्या होतात. भिजलेला बूट आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली वाळवा, पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका.

जुन्या, वापरलेल्या किंवा वर्षानुवर्षे खोक्यात राहिलेल्या ‘ओरिजनल’ जोड्यांची हौस वाढते आहे. त्यात दोन अडचणी आहेत. वापरलेल्या बुटाचा तळ आधीच्या मालकाच्या चालण्याप्रमाणे झिजलेला असतो. आणि पॉलियुरेथेनचा तळ असेल तर तो दमट हवेत न वापरताही आतून कमकुवत होतो. मुंबई-कोकणच्या हवेत असा तळ चालता चालता तुकडे होऊन निखळू शकतो आणि माणूस पडू शकतो. अशी जोडी शोकेसमध्येच ठेवलेली बरी.

मुलांसाठी ‘वाढता पाय आहे’ म्हणून दोन नंबर मोठा बूट घेऊ नका, मुले अडखळतात. बोटभर जागा पुरते. दर तीन-चार महिन्यांनी मात्र माप पाहा.

बूट घेऊन झाला आहे, आता काय?

लांबीला आखूड असेल तर बदलून घ्या, दुसरा उपाय नाही. रुंदीला थोडा घट्ट असेल आणि चामड्याचा असेल तर बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून साच्यावर ताणून घेता येतो. पायाच्या वरच्या भागावर दाब येत असेल तर त्या जागेवरची नाडीची एक फुली सोडून द्या. टाच निघत असेल तर सर्वांत वरच्या भोकापर्यंत नाडी ओवा. तळ कडक वाटत असेल तर आतला सोल काढून त्या जागी मऊ सोल टाका. जुन्या सोलवर नवा सोल ठेवला तर बुटातली जागा कमी होते आणि बोटे वरून घासतात. मधुमेहींनी कुरूप ब्लेडने कापू नये आणि कुरूप काढण्याच्या औषधी पट्ट्याही लावू नयेत.

डॉक्टरांना कधी दाखवाल?

- बूट बदलून, आराम करूनही दोन-तीन आठवड्यांत दुखणे कमी झाले नाही तर.
- बोटे बधिर होत असतील, जळजळत असतील किंवा मुंग्या येत असतील तर.
- दुखापतीनंतर पायावर भार देता येत नसेल तर.
- एकच पाय अचानक सुजला, लाल झाला, गरम लागला तर त्याच दिवशी.
- मधुमेह असताना फोड, जखम, काळपट डाग किंवा स्राव दिसला तर त्याच दिवशी, दुखत नसले तरीही.

डॉक्टरांकडे जाताना रोज वापरता तेच बूट घालून जा. त्यांचा तळ कुठे झिजला आहे यावरून बरेच काही कळते.

बुटाचे मॉडेल आणि रंग तुमच्या आवडीने निवडा, त्यात डॉक्टरांचे काही काम नाही. माप, रुंदी आणि तास मात्र मोजून ठरवा. आणि ज्याच्या पायाला दाब कळत नाही त्याच्यासाठी हे माप घरातल्या दुसऱ्या कोणीतरी घ्यावे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या पायाच्या तक्रारीसाठी तुमच्या डॉक्टरांचा प्रत्यक्ष सल्ला घ्या.)